चांदा मुलखाचे लोखंड: खनिजापासून भंगारापर्यंत

1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत त्यातले चामोर्शी हे गाव चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात होते. हा मुलूख लोखंडाचा. मातीच्या भट्टीत खनिज आणि लाकडी कोळसा भरून भात्याने वारा घालत. तळाशी जमलेला गोळा तापवून ठोकला की त्यातले कीट निघून जाई. 1878 च्या वन कायद्याने कोळशाला लागणाऱ्या लाकडावर निर्बंध आले आणि स्वस्त विलायती लोखंड बाजारात उतरले. गुणी कारागिरांची ही विद्या मोडली, हे मोठेच नुकसान. याच जिल्ह्यातल्या लोहारा गावच्या खनिजावर उद्योगपती जमशेटजी टाटांचीही नजर होती, पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामी आला नाही.

खनिज सुटले, तरी लोहाराचा भाता थांबला नाही. जुने लोखंड हाच कच्चा माल झाला. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्बाचे प्रमाण चांगले असते, म्हणून त्याची कुऱ्हाड किंवा विळा पाणी दिल्यावर धार टिकवतो.

उरलेला माल भंगारवाल्याकडे जातो. तो किलोवर घेतो आणि जड लोखंड, पत्रा, बीड, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम वेगळे करतो. चुंबक लोखंडाला चिकटते, पितळेला चिकटत नाही. निवड चोख असेल तरच भाव मिळतो. पुढे लोखंडाचे गठ्ठे बांधून माल मोठ्या व्यापाऱ्यांकडे आणि तिथून जालन्यासारख्या ठिकाणच्या पोलाद भट्ट्यांत पोहोचतो. तिथे भंगारासोबत स्पंज आयर्न वितळवतात. गडचिरोलीतल्याच सुरजागडच्या खनिजापासून स्पंज आयर्न करणारा कारखाना आता चामोर्शी तालुक्यातच, कोनसरीला आहे.