भारतीय विद्यापीठांतील चिनी अध्ययनाचे दोन प्रवाह

भारतीय विद्यापीठांमध्ये चिनी भाषेच्या अध्ययनाला प्रारंभ झाला तो चीनविषयीच्या कुतूहलापेक्षा भारताच्याच हरवलेल्या ग्रंथांच्या शोधातून. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून पुढे कित्येक शतके बौद्ध ग्रंथांची चिनीत भाषांतरे होत राहिली, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मूळ भारतीय संहिता कालांतराने नष्ट झाल्या. १८८३ मध्ये नान्जिओ बुन्यिउ या जपानी पंडिताने चिनी त्रिपिटकाची, म्हणजे चिनीत जतन झालेल्या बौद्ध ग्रंथसंग्रहाची, विस्तृत सूची ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केली, तेव्हा या भांडाराचा आवाका अभ्यासकांच्या प्रथमच नीट ध्यानात आला, आणि ते उघडायचे तर चिनी शिकण्यावाचून गत्यंतर नाही, हेही उघड झाले.

हे काम भारतात रुजवण्याचा पहिला ठळक प्रयत्न शांतिनिकेतनात झाला. विश्वभारतीची स्थापना होत असतानाच, १९२१ मध्ये, रवींद्रनाथ ठाकूर यांनी सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच प्राच्यविद्यापंडितांना तेथे पाचारण केले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली चिनी व तिबेटी भाषांचे अध्यापन सुरू झाले. या दोन्ही भाषांत बौद्ध वाङ्मय सुरक्षित राहिले असल्याने त्या जोडीनेच शिकवल्या जात. तेथे लेव्हींच्या हाताखाली शिकलेल्या प्रबोधचंद्र बागची यांनी पुढे पॅरिसला जाऊन चीनमधील बौद्ध ग्रंथांचा आणि त्यांच्या भाषांतरकारांचा इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला. १९२४ मध्ये ठाकुरांनी चीनचा दौरा केला, १९२८ मध्ये तान युन-शान हे चिनी विद्वान शांतिनिकेतनात आले, आणि त्यांनी चीनमधून मिळवलेल्या निधीच्या व ग्रंथांच्या बळावर १४ एप्रिल १९३७ रोजी तेथे ‘चीना भवना’चे उद्घाटन झाले.

त्याच वर्षी पुण्यात पु. वि. बापट यांचा ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ या दोन ग्रंथांची तुलना करणारा प्रबंध प्रसिद्ध झाला. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली होती आणि त्या परंपरेतून पुण्यात पालीच्या अभ्यासकांची एक पिढीच उभी राहिली. बापट हे तिच्यातले एक. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ पालीत उपलब्ध होता, परंतु उपतिस्स या आचार्याचा ‘विमुत्तिमग्ग’ प्रामुख्याने सहाव्या शतकातील एका चिनी भाषांतराच्या रूपाने उरला होता, तेव्हा केवळ पालीच्या आधारे या दोन ग्रंथांचा संबंध उलगडणे शक्य नव्हते. बापटांनी चिनी भाषांतर पालीशी ताडून पाहिले आणि बुद्धघोषाला उपतिस्साचा ग्रंथ परिचित असावा, असा निष्कर्ष काढला. हीच पद्धती त्यांनी पुढेही चालवली. १९२४ मध्ये ‘सुत्तनिपात’ या प्राचीन पाली ग्रंथाची देवनागरी आवृत्ती सिद्ध करणाऱ्या बापटांनी त्यातील ‘अट्ठकवग्ग’ या भागाशी जुळणाऱ्या, तिसऱ्या शतकात चिनीत उतरलेल्या ‘अर्थपदसूत्रा’चेही भाषांतर केले. फर्ग्युसनमधीलच वा. वि. गोखले यांनी १९३० च्या सुमारास जर्मनीत अभ्यास करताना चिनी आणि तिबेटी भाषांतरांच्या साह्याने बौद्ध दर्शनातील लहान ग्रंथ प्रकाशात आणले होते. या पंडितांच्या लेखी चिनी ही अर्थनिश्चितीसाठी आवश्यक अशी अभिजात भाषा होती. पेकिंगच्या रस्त्यावर बोलली जाणारी चिनी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता.

त्या जिवंत भाषेकडे लक्ष वळले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मध्ये भारत सरकारने काही विद्यार्थ्यांना पेकिंग विद्यापीठात धाडले. त्यांच्यात वसंत परांजपे हे मराठी विद्यार्थी होते, आणि तेच पुढे परराष्ट्र सेवेत जाऊन नेहरूंच्या चिनी नेत्यांशी झालेल्या बोलण्यांत दुभाषी झाले. बागचीही भारतीय इतिहास व संस्कृती शिकवण्यासाठी त्या सुमारास पेकिंगला गेले होते. तथापि १९६२ च्या युद्धाने या देवघेवीची घडी विस्कटली आणि चिनी येणारी माणसे देशात किती थोडी आहेत, याची तीव्र जाणीव राज्यकर्त्यांना झाली. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चिनी अध्ययनाचे केंद्र निघाले; तेथे आधुनिक भाषेबरोबर चीनचा इतिहास, राज्यव्यवस्था आणि परराष्ट्रधोरण यांच्या अभ्यासावर भर देण्यात आला. एखाद्या भूप्रदेशाचा भाषा, इतिहास, राजकारण अशा सर्व अंगांनी एकत्र विचार करणाऱ्या या पद्धतीला ‘क्षेत्रीय अध्ययन’ म्हणतात. पुढे जपानी आणि कोरियन या भाषांची भर पडून त्या केंद्राचे पूर्व आशियाई अध्ययन विभागात रूपांतर झाले.

दुसऱ्या प्रवाहाची गरज निर्विवाद होती. परंतु त्याच्या विस्ताराबरोबर पहिला प्रवाह क्षीण होत गेला, ही हानी मात्र अपरिहार्य नव्हती. आधुनिक चिनी शिकलेला विद्यार्थी अभिजात चिनीपाशी अडतो आणि पाली-संस्कृतचा अभ्यासक चिनी लिपीपाशी थांबतो, त्यामुळे चिनी त्रिपिटकावरील संशोधनाचा मोठा भाग आज जपान, चीन आणि युरोपातील विद्यापीठांत होतो. पाली आणि चिनी यांचे एकत्र अध्ययन पुण्याला अपरिचित नाही; बापट-गोखले यांनी घालून दिलेल्या त्या वाटेने जाणारा अभ्यासक्रम नव्याने उभारणे हे महाराष्ट्रातील विद्यापीठांचे कर्तव्य ठरते.