पशुरोगाची साथ आणि मांस-अंड्यांचे भाव
साथीत जनावरे वा कोंबड्या दगावल्या की माल कमी होतो आणि भाव चढतो, असा सर्वसाधारण समज आहे. भारतातील कुक्कुटपालनाचा अनुभव बहुधा याच्या उलट आहे.

18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांना बर्ड फ्लू (एच5एन1) झाल्याचे जाहीर झाले. देशातील ही पहिलीच नोंद. निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने केले. बाधित फार्मभोवतीच्या 3 किमी परिसरातील कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. सीमेपलीकडे गुजरातेतील उच्छल भागात आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला. मारलेले पक्षी काही लाख असले, तरी देशाच्या एकूण उत्पादनात हा वाटा किरकोळच होता. भाव पाडले ते गिऱ्हाइकाच्या धास्तीने. जिथे एकही कोंबडी आजारी नव्हती, अशा दूरच्या शहरांतही चिकन-अंड्यांचा उठाव थांबला आणि लोक मटण-मासळीकडे वळले. खाद्याची मागणी घटल्याने मका आणि सोयापेंडीलाही झळ पोहोचली. पूर्ण शिजवलेल्या चिकनमध्ये हा विषाणू टिकत नाही, हे सांगून लोकांना पटायला वेळ लागला.

भाव पडला तरी शेतकऱ्याला थांबता येत नाही. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला येतो. पुढे ठेवला तर खाद्य खातो आणि वजन वाढल्याने गिऱ्हाईकही कमी होते. आपल्याकडे बहुतेक कोंबडी जिवंतच विकली जाते, त्यामुळे शीतगृहात माल ठेवून भावाची वाट पाहणे थोड्यांनाच जमते. बाकीच्यांना मिळेल त्या भावाला पक्षी उचलून द्यावे लागतात. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबड्यांत साथ नसतानाही, चिकनने करोना होतो एवढ्या अफवेवर फार्मवरचे भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेले.

अमेरिकेत धास्तीपेक्षा टंचाई भारी पडली. 2022 पासूनच्या बर्ड फ्लूत अंडी देणाऱ्या कोट्यवधी कोंबड्या गेल्या, पण लोकांनी अंडी खाणे सोडले नाही. डझनाचा सरासरी किरकोळ भाव जानेवारी 2022 मध्ये 1.93 डॉलर होता. मार्च 2025 मध्ये तो 6.23 डॉलर झाला. नवी तलंग (तरुण कोंबडी) अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात, म्हणून अशी टंचाई लवकर हटत नाही. चीनमध्ये ऑगस्ट 2018 मध्ये डुकरांना होणारा आफ्रिकन स्वाइन फीवर शिरला. नोव्हेंबर 2019 मध्ये डुकराचे मांस वर्षभरापूर्वीच्या दुपटीहून महाग होते. त्या भावाच्या आशेने कळप वाढवले गेले आणि 2021 मध्ये भाव कोसळले.

इकडे भारतात 2021 मध्येच नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. भाव पडल्यामुळे निरोगी पक्ष्यांवर झालेल्या तोट्याला या भरपाईत जागा नाही.