माळ्यासारखं लिहिणं

वणीत उर्दू आणि मराठी शिकवताना एका माणसाची गोष्ट मी मुलांना सांगतोच. तो म्हणजे नामदेव माळी. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या बागेत तो काम करायचा. त्याच्यावर लिहिलं बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी. बाग त्यांच्या देखरेखीखाली होती आणि घरही त्याच आवारात. लिहिता लिहिता खिडकीतून त्यांना नामदेव दिसायचा, रोपाला पाणी घालून दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघत बसलेला.

अशा व्यक्तिचित्राला उर्दूत 'खाका' म्हणतात. मौलवी साहेब अरबी-फारसीचे मोठे जाणकार, पण इथे सगळी विद्वत्ता बाजूला ठेवलेली. वाक्यं छोटी, शब्द रोजच्या वापरातले. नामदेव दलित. मौलवी साहेब ते सुरुवातीलाच सांगतात आणि चांगुलपणा कुणा एका जातीची मिरास नाही, असं म्हणून पुढे जातात. अवर्षणात नामदेवाने लांबून गढूळ पाणी वाहून झाडं जगवली. बक्षीस देऊ केलं तर म्हणाला, आपली पोरं सांभाळल्याचं कसलं बक्षीस? त्याचा मृत्यूही तसाच सांगितलाय. मधमाश्या उठल्या, बाकीचे माळी पळाले, हा कामात गढलेला. कुठे हुंदका नाही. फक्त शेवटी मौलवी साहेब मोठेपणाची व्याख्या सांगू लागतात. तेवढ्यापुरता नामदेव उठून वाफ्याकडे निघून गेला असता, असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट मिर्झा फरहतुल्ला बेग. त्यांनी आपले गुरू डेप्युटी नझीर अहमद यांच्यावर लिहिलं. गुरू बोलघेवडे, मिश्कील, पैशाच्या बाबतीत चोख. बेगांची भाषाही तशीच: दिल्लीचे वाक्प्रचार, थट्टा, गुरूंच्या चिकटपणाचीही मोकळी चर्चा. तो खाका वाचून वहीदुद्दीन सलीम म्हणाले होते, आमच्यावर असं लिहिणारा शागीर्द आम्हालाही मिळावा. सलीम वारल्यावर बेगांनीच ती इच्छा पूर्ण केली.

या भाषेत नामदेव लिहिला असता तर तो विनोदी पात्र झाला असता. आणि मौलवी साहेबांच्या साधेपणात नझीर अहमद गप्प बसले असते.

हे सगळं मी शिकवतो खरा. पण मागे शाळेच्या शिपाई चाचांच्या निरोप समारंभाचं भाषण माझ्याकडे आलं, तेव्हा मी शेर घातले, 'दीपस्तंभ' घातला, 'वटवृक्ष' घातला. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर चाचा खुर्च्या उचलता उचलता म्हणाले, "सर, छान बोलले तुम्ही. पण ते कोणाबद्दल होतं?"

ते भाषण मी पुन्हा लिहायला घेतलंय. आता पहिलं वाक्य आहे: चाचा खिशातली किल्ली न बघता ओळखत.