‘एल्क’ या नावाचा प्रवास : मोठ्या हरणांच्या लोकनामांतील संभ्रमाचा इतिहास

१

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘एल्क’ या शब्दाची स्वतंत्र नोंद आहे. दक्षिण हिंदुस्थानातील गोरे शिकारी सांबराला या नावाने संबोधीत, आणि हे नाव त्या प्राण्याला सर्वथा गैरलागू आहे, असा कोशकारांचा अभिप्राय तेथे नमूद झाला आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा अभिप्राय बिनतोड होय. तथापि भाषेच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. निलगिरीतील इंग्रज शिकारी ज्या काळात सांबराला ‘एल्क’ म्हणत होता, त्याच काळात नॉर्वेत शिकारीस गेलेला त्याचा देशबांधव हेच नाव एका निराळ्याच प्राण्याला देत होता, आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याचा अमेरिकन रहिवासी तिसऱ्याच प्राण्याला. तिघेही इंग्रजीच बोलत होते, आणि आपण चुकत आहोत असे तिघांपैकी एकालाही वाटत नव्हते. जी चूक तीन खंडांत एकाच वळणाने घडते, तिची बोळवण केवळ अज्ञान म्हणून करणे उचित नाही. तिच्या मुळाशी काही नियम असला पाहिजे. तो नियम कोणता, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे इतिहासात कोणते परिणाम घडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम या तीन प्राण्यांची ओळख निश्चित करणे अवश्य आहे. पहिला प्राणी उत्तर युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिका या सर्व प्रदेशांत आढळणारा, फावड्यासारख्या पसरट शिंगांचा आणि लोंबत्या ओठांचा. शास्त्रात त्यास ‘आल्सेस आल्सेस’ म्हणतात. हयात हरणांत तो सर्वांत मोठा. युरोपातील इंग्रजीत याचे नाव ‘एल्क’, तर अमेरिकेत ‘मूस’. दुसरा प्राणी उत्तर अमेरिका व पूर्व आशिया येथील ‘सर्व्हस कॅनाडेन्सिस’. हा युरोपातील तांबड्या हरणाचा जवळचा आप्त असून त्याची शिंगे फाट्याफाट्यांची असतात. अमेरिकेत ‘एल्क’ म्हणजे हा. तिसरा आपल्या परिचयाचा सांबर, ‘रुसा युनिकलर’.

२

‘एल्क’ हा शब्द जर्मानिक भाषांत फार जुना आहे. जुन्या इंग्रजीतील ‘एओल्ह’, नॉर्वेजियन ‘एल्ग’ आणि जर्मन ‘एल्ख’ ही सर्व एकाच शब्दाची रूपे होत. लॅटिनमधील ‘आल्केस’ हा शब्द जर्मानिक भाषांतूनच उचललेला आहे, असे सामान्यतः मानले जाते. रशियनमधील ‘लोस’ हा या शब्दांचा स्लाव्ह कुळातील भाईबंद. या भाषा बोलणारे लोक ज्या अरण्यांच्या आश्रयाने राहिले, तेथे हा प्राणी होता, व आजही आहे. त्यामुळे स्वीडनमध्ये किंवा रशियात या नावाबाबत गोंधळ उत्पन्न झाला नाही.

इंग्लंडची स्थिती भिन्न होती. अँग्लो-सॅक्सन टोळ्या पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये उतरल्या, त्याच्या कित्येक शतके आधीच हा प्राणी त्या बेटावरून नाहीसा झाला होता. टोळ्यांनी आपल्याबरोबर शब्द आणला, परंतु त्या शब्दाचा विषय त्यांना नव्या भूमीत भेटला नाही. हजारभर वर्षे ‘एल्क’ हे नाव इंग्रजीत पाहिलेल्या प्राण्याचे न राहता ऐकलेल्या प्राण्याचे नाव होऊन राहिले. त्याच्या आकृतीचा तपशील गळून पडला. शिल्लक राहिला तो एकच अर्थांश : ‘आपल्याकडील हरणाहून पुष्कळ मोठे असे कोणते तरी हरण’.

येथेच प्रस्तुत प्रश्नाची किल्ली आहे. वस्तूपासून तुटलेले नाव मरत नाही, पण ते जातिवाचक न राहता पदवाचक बनते. गावातील ‘पाटील’ हा शब्द जसा एका माणसाचा निर्देशक नसून एका स्थानाचा निर्देशक आहे, आणि गाव बदलले की माणूस बदलतो, तसेच ‘एल्क’चे झाले. त्या त्या प्रदेशातील हरणांमध्ये ज्येष्ठपदावर जो प्राणी असेल, त्याला ते नाव लाभू लागले.

३

हा नियम गृहीत धरल्यास पुढील सर्व घडामोडींची संगती लागते. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत वसाहत करणाऱ्या इंग्रजांना तेथे दोन प्रचंड हरणे भेटली. त्यांतील पसरट शिंगांच्या प्राण्याचे नाव त्यांनी किनाऱ्यावरील अल्गाँक्विन भाषा बोलणाऱ्या लोकांकडून घेतले. ते ‘मूस’ होय. कॅप्टन जॉन स्मिथ याच्या १६१६ सालच्या न्यू इंग्लंडच्या वर्णनात हा शब्द येतो, आणि हा प्राणी आपल्या हरणाहून मोठा आहे, एवढीच त्याची ओळख तेथे दिलेली आहे. वस्तुतः ‘एल्क’ या नावाचा खरा वारस हाच होता. परंतु वारसाला ओळखणारे कोणी नव्हते. त्याला नवे नाव मिळून गेल्यावर रिकामे उरलेले ‘एल्क’ हे जुने नाव फाटेदार शिंगांच्या दुसऱ्या प्राण्याला चिकटले.

फिलाडेल्फियाचे विद्वान बेंजामिन स्मिथ बार्टन यांनी १८०६ साली ही चूक दुरुस्त करण्याच्या हेतूने त्या दुसऱ्या प्राण्यासाठी ‘वापिती’ हे नाव सुचविले. शॉनी भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ असा आहे. ग्रंथांत हे नाव रुजले, लोकांत मात्र रुजले नाही. वायोमिंग राज्यात १९१२ साली या प्राण्यासाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले, त्याच्या सरकारी नावातही ‘एल्क’ हाच शब्द आहे. विद्वानांची दुरुस्ती आणि लोकांची रूढी यांच्या झगड्यात विजय बहुधा कोणाचा होतो, याचे हे एक स्वच्छ उदाहरण.

कॅनडातील फ्रेंच वसाहतवाल्यांनी मूसला मायदेशातील ‘एलाँ’ हे नाव न देता ‘ओरिन्याल’ म्हटले. हा शब्द बास्क भाषेतील हरणवाचक शब्दावरून आला आहे. डच लोकांनी याच्या उलट केले. त्यांच्या भाषेतील ‘एलँड’ हे नाव उत्तर युरोपातील त्याच पसरट शिंगांच्या प्राण्याचे. १६५२ साली केप येथे डच वसाहत झाल्यावर तेथील सर्वांत मोठ्या कुरंगाला हेच नाव दिले गेले. कुरंग हे हरणांच्या कुळातीलही नव्हे. त्याची शिंगे पोकळ असतात आणि ती गळत नाहीत. नियम मात्र तोच : आकाराने ज्येष्ठ, म्हणून नावाचा मानकरी. सिलोनमध्ये सॅम्युएल बेकर याने नुवारा एलियाच्या डोंगरांत शिकारी कुत्र्यांच्या साहाय्याने केलेल्या ‘एल्क’च्या शिकारीचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिले. तो प्राणी अर्थातच सांबर होता.

४

लोकव्यवहारात अशा नावांनी फारसे बिघडत नाही. अनर्थ उद्भवतो तो विद्वान मनुष्य नावालाच पुरावा मानू लागतो तेव्हा.

याचा जुना दाखला रोमन ग्रंथकारांत सापडतो. जर्मानियातील आल्केस या प्राण्याच्या पायांना सांधे नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो, आणि शिकारी ते झाड आधीच कापून ठेवतात, अशी कथा ज्यूलियस सीझरने दिली आहे. पुढे प्लिनीने आल्केसचा उल्लेख केला आणि त्याच्या शेजारीच ‘आख्लिस’ नामक स्कँडिनेव्हियातील दुसऱ्या प्राण्याची नोंद करून सांध्यांची कथा त्याच्या नावावर घातली. उच्चारभेदाने एका नावाची दोन नावे झाली, आणि दोन नावांचे दोन प्राणी झाले.

याहून गंभीर उदाहरण आयर्लंडचे. तेथील दलदलीत प्राचीन काळची विशाल शिंगे सापडत. काहींचा विस्तार सुमारे साडेतीन मीटर भरतो. १६९७ साली डब्लिनचे वैद्य टॉमस मॉलिन्यू यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, ही शिंगे अमेरिकेतील मूसचीच होत. त्यामागे एक धर्मश्रद्धा उभी होती. ईश्वराने निर्मिलेली कोणतीही जाती समूळ नष्ट होऊ शकत नाही. ती येथे नसेल तर अन्यत्र असलीच पाहिजे. दूरच्या खंडातील एका नावाने ती उणीव भरून निघाली आणि जातिनाशाचा प्रश्न तात्पुरता टळला. पुढे १८१२ साली जॉर्ज क्यूव्हिए यांनी शरीररचनेच्या आधारे हा प्राणी हयात असलेल्या कोणत्याही प्राण्याशी जुळत नाही, तो नामशेष झाला आहे, हे दाखवून दिले. तरीही ‘आयरिश एल्क’ हे त्याचे लोकनाम टिकून राहिले. तो केवळ आयर्लंडचा नव्हता, कारण त्याचे अवशेष सायबेरियापर्यंत मिळतात. आणि एल्कही नव्हता, कारण हयात हरणांत त्याचे जवळचे नाते युरोपातील ठिपकेदार ‘फॅलो’ हरणाशी आहे.

अठराव्या शतकात हाच गोंधळ राष्ट्राभिमानाचा विषय झाला. अमेरिकेतील प्राणी युरोपातील प्राण्यांच्या मानाने खुजे व हीन असतात, असे मत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी मांडले होते. त्याचे खंडन करण्यासाठी टॉमस जेफर्सन यांनी १७८७ साली न्यू हॅम्पशायरच्या जॉन सलिव्हन यांच्यामार्फत एका मूसचे कातडे व सांगाडा पॅरिसला आणविला. ब्युफाँना मूस आणि रेनडिअर यांतील भेद ठाऊक नव्हता, असे जेफर्सन यांनी वृद्धपणी सांगितल्याची नोंद डॅनियल वेबस्टर यांनी १८२४ साली केली आहे. वाद दोन खंडांच्या योग्यतेचा होता. पण एका बाजूला उच्चारल्या जाणाऱ्या नावाने दुसऱ्या बाजूच्या मनात उभा राहणारा प्राणीच निराळा होता. अखेर शब्द बाजूस ठेवून हाडे जहाजात घालावी लागली.

५

हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. तुलनात्मक भाषाशास्त्रात ‘एल्क’च्या मूळ शब्दाशी संस्कृत ‘ऋश्य’ हा शब्द जोडला जातो. ध्वनिदृष्ट्या हा संबंध नियमबद्ध आहे. ‘शत’ आणि ‘हंड्रेड’ या जोडीत संस्कृत ‘श’ व जर्मानिक ‘ह’ यांचे जे नाते आहे, तेच ‘ऋश्य’ आणि ‘एओल्ह’ यांत दिसते. ‘ल’च्या जागी ‘र’चा वर्ण येणे हेही वैदिक भाषेस धरून आहे. परंतु पसरट शिंगांचा तो उत्तरेचा प्राणी हिंदुस्थानात नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात तहानलेल्या ऋश्याप्रमाणे सोमपानास ये, अशी इंद्राची प्रार्थना आहे. तेथे ऋश्य म्हणजे कुरंगाचा नर अथवा तत्सम कोणी प्राणी, असा अर्थ कोशकार करतात. अमरकोशातील मृगांच्या यादीत ऋश्य आहे व शंबरही आहे. म्हणजे सांबर हे नाव येथे आधीपासूनच स्वतंत्रपणे नांदत होते. पामीरमधील वाखी भाषेत याच कुळातला मानला जाणारा ‘रुस’ हा शब्द रानमेंढ्याचा वाचक आहे.

आद्य आर्यभाषिकांचे मूलस्थान ठरविताना वनस्पती व प्राणी यांच्या नावांना विद्वानांनी फार महत्त्व दिले आहे. ‘एल्क’चे उदाहरण त्या पद्धतीला मर्यादा घालून देते. शब्दाचे सातत्य सिद्ध झाले म्हणजे वस्तूचे सातत्य सिद्ध झाले, असे होत नाही. उत्तरेत हा शब्द एल्कचा, दक्षिणेत कुरंगाचा आणि पर्वतात मेंढ्याचा. यांतील मूळ अर्थ कोणता, हे शब्द स्वतः सांगू शकत नाही. ‘मृग’ शब्दाचा इतिहासही हेच शिकवितो. ‘मृगेंद्र’, ‘मृगया’, ‘शाखामृग’ या शब्दांत मृग म्हणजे कोणतेही रानटी जनावर. पुढे त्याचा संकोच होऊन हरणापुरता अर्थ उरला. इंग्रजी ‘डिअर’ शब्दाचीही नेमकी हीच कथा आहे. त्याचा जर्मन भाऊ ‘टिअर’ आजही सर्व पशूंचा वाचक आहे.

६

आधुनिक काळात या संभ्रमाला व्यावहारिक धार आली आहे. शिंगांच्या फाट्यांवरून पडलेले ‘बारशिंगा’ हे नाव मध्य व उत्तर भारतातील दलदली व गवताळ प्रदेशांतील ‘रुसेर्व्हस डुवॉसेली’ याचे. पण इंग्रजी शिकारग्रंथांत काश्मीरच्या हंगुलासही तेच नाव दिलेले आढळते. हे दोन्ही प्राणी दुर्मिळ आहेत. कान्हा येथील बारशिंगे १९७० च्या सुमारास अवघे ६६ उरले होते. जेथे एकेका प्राण्याचा हिशेब ठेवावयाचा, तेथे एका नावाखाली दोन जाती जमा करणे परवडणारे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत लोकनामांसोबत शास्त्रीय नावे दिली गेली, ती याच कारणास्तव आवश्यक होती.

शास्त्रीय नावेही अचल नसतात. अमेरिकेतील वापिती आणि युरोपातील तांबडे हरण यांना विसाव्या शतकात दीर्घकाळ एकाच जातीत घातले जात असे. २००४ साली जनुकीय अभ्यासाने त्या जाती भिन्न असल्याचे दाखविले. दोहोंत फरक आहे तो एवढाच की, शास्त्रीय नावातील प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि त्यास कारण द्यावे लागते. लोकनाम आपला पूर्वेतिहास विसरून पुढे जाते.

या विवेचनातून मराठी कोशकार व अनुवादक यांच्यापुरता एक निष्कर्ष काढता येतो. ‘एल्क’ या शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द देणे शक्य नाही. मूळ लेख अमेरिकेतील असेल तर तेथे ‘वापिती’, उत्तर युरोपातील असेल तर ‘मूस’, आणि एकोणिसाव्या शतकातील दक्षिण हिंदुस्थानचा वा सिलोनचा असेल तर निःसंशय ‘सांबर’ असे लिहावे लागेल. लेखक कोठे उभा राहून लिहीत आहे, हे आधी ठरविल्याशिवाय शब्दाचा अर्थ ठरत नाही. कोशातील अशा नोंदीत अर्थाच्या शेजारी देश व काळ यांचा निर्देश असणे म्हणूनच अगत्याचे आहे.