फँटसी हॉकी : गुण कसे मोजतात, खेळाडू कसे निवडावेत?

फँटसी हॉकीत आपण कागदावर संघ निवडतो. त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात केलेल्या कामगिरीचे गुण आपल्याला मिळतात. सहसा गोल, गोलसाठी दिलेला पास आणि गोलरक्षकाने अडवलेले फटके यांना गुण असतात. कार्ड मिळाले की गुण वजा होतात.

नावे निवडण्याआधी गुणांचा तक्ता वाचावा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असे हरवले. त्या सुवर्णविजेत्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते आणि गोलरक्षक होते मराठा लाइट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण. फक्त गोल मोजणाऱ्या तक्त्यात एकही गोल होऊ न देणाऱ्या शंकर लक्ष्मण यांना शून्यच मिळाले असते!

नवख्यांनी पेनल्टी कॉर्नर मारणारा खेळाडू आधी घ्यावा. हरमनप्रीत सिंग बचावपटू, तरी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याचे १० गोल झाले. नंतर नेहमी खेळणारा गोलरक्षक घ्यावा. वारंवार कार्ड मिळणारा खेळाडू टाळावा.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मुलांना हे जरूर सांगावे. घरच्या घरी वही-पेन घेऊन खेळण्यातही तितकीच गंमत आहे.