एकहाती ठेक्याची कुळकथा

घर बांधायला काढलं की पहिला वाद ठरलेला: गवंडी, सेंट्रिंगवाला, प्लंबर, वायरमन असे वेगवेगळे गाठायचे, की सगळं एकाच कंत्राटदाराच्या गळ्यात घालायचं? पहिली रीत जुनी आणि जगभरची. दुसरीला मात्र गाव आहे आणि सालही.

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये मोठी इमारत म्हणजे पाच-सहा स्वतंत्र करार. वीटकामाचा उस्ताद वेगळा, पाथरवट वेगळा. सुतार, गिलाव्यावाला, काचा बसवणारा, शिशाचे नळ घालणारा, सगळे आपापली माणसं घेऊन यायचे. काम झालं की मोजणीदार मापं घ्यायचा, दर लावायचा आणि मग हुज्जत सुरू व्हायची. एकूण खर्च किती, हे मालकाला कळायचं ते शेवटी. नेपोलियनशी युद्ध चालू असताना सैन्याला बराकी घाईने हव्या होत्या. तेव्हा सरकारने अख्खं काम एकालाच, आकडा ठरवून द्यायला सुरुवात केली. सुतार-गवंड्यांना ते रुचलं नाही.

या रीतीला खरा घाट दिला थॉमस क्युबिटने (१७८८–१८५५). हा मूळचा सुतार. १८१५ साली त्याने फिन्सबरीतल्या ‘लंडन इन्स्टिट्यूशन’चं काम अंगावर घेतलं. करारात मुदत होती आणि उशिराला जबर दंड. दुसऱ्या उस्तादांच्या भरवशावर बसणं परवडेना, म्हणून त्याने ग्रेज इन रोडवर जागा घेऊन कार्यशाळा उभारल्या आणि सगळ्या कसबांची माणसं कायम पगारावर ठेवली. तोवर एवढ्या कसबांचे लोक पगारावर पोसण्याचा उद्योग सहसा कोणी केला नव्हता.

पण पगार दर आठवड्याला द्यावा लागतो, कामं मात्र दर आठवड्याला येत नाहीत. मग क्युबिट जमिनी घेऊन स्वतःच घरं बांधू लागला, गिऱ्हाईक नंतर शोधायचं. ब्लूम्सबरीचे काही भाग, बेल्ग्रेव्हिया, पिम्लिको हे यातूनच उभे राहिले. बेल्ग्रेव्हियातली दलदल भरायला सेंट कॅथरीन डॉकच्या खोदाईतली माती आली. म्हणजे आपला आजचा ‘बिल्डर’ हा निदान क्युबिटच्या घरी तरी कंत्राटदाराच्या पगारपत्रकातून जन्मला. पुढे व्हिक्टोरिया राणीचा ऑस्बोर्नचा वाडाही त्यानेच बांधला.

कामगारांनी मात्र ही रीत निमूट पत्करली नाही. एकाच्या हाती ठेका गेला की छोटा उस्ताद संपतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. १८३३ साली लिव्हरपूलच्या बांधकाम संघटनांनी असे घाऊक ठेके बंद करा, अशी उघड मागणी केली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये टाळेबंदी झाली. तिची ठिणगी पडली ती क्युबिटच्याच कामावर, आणि तीही बियरवरून: संघटनेच्या लोकांना कामावर न घेणाऱ्या कारखान्याची बियर पिणार नाही, असं कामगार म्हणाले, मालक म्हणाले, मग दुसरी आत येणार नाही. मालकांची एकी टिकली.

ही पद्धत बोटीतून आपल्याकडेही आली. बोरीबंदर ते ठाणे रेल्वेचं काम फेव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनी केलं. बोरघाटाचा ठेका पुढे सॉलोमन ट्रेडवेलने घेतला. १८५९ मध्ये तो इथे येऊन लगेच वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने ठेका आपल्या नावावर चालवला. तिला सुरुंग लावता येण्याची गरज नव्हती. ते जाणणारे इंजिनियर तिने नेमले.

मला या कथेतला खरा सांधा इथेच दिसतो. क्युबिट माणसं पदरी ठेवायचा. ॲलिसच्या हाती होती ती मुख्यतः जबाबदारी. आजचा बहुतेक कंत्राटदार तिचा वारस आहे. सेंट्रिंग एकाला, टाइल्स दुसऱ्याला, वायरिंग तिसऱ्याला देऊन तो मधे उभा राहतो, आणि गळती लागली की मालक फोन करतो तो फक्त त्याला. वेगवेगळ्या ठेक्यांची जुनी रीतही मात्र संपलेली नाही: न्यूयॉर्क राज्यात ‘विक्स’ कायद्याने ठरावीक रकमेवरच्या बऱ्याचशा सरकारी इमारतींसाठी प्लंबिंग, वीज आणि तापन-वायुवीजन यांचे ठेके वेगळेच काढावे लागतात. जुना मोजणीदारही मेलेला नाही: महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात बी-२ टेंडर आजही बाबवार दराने निघतं, आणि बिल निघण्याआधी कामाची मापं मोजमाप वहीत चढवावी लागतात.