गच्चीवरची शेती : माती, पाणी आणि संमती

शहर आणि शेती हे दोन शब्द एकत्र उच्चारले की पूर्वी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्मित उमटत असे. आता तसे होत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्या, शाळांची पटांगणे, कार्यालयांच्या मागच्या पडीक जागा येथे मेथी, टोमॅटो, भेंडी पिकवण्याचे प्रयोग मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतून होऊ लागले आहेत. मात्र उत्साहाने सुरू झालेली सामूहिक बाग पहिल्या उन्हाळ्यात सुकते किंवा पहिल्या पावसात गच्ची गळू लागताच बंद पडते, हाही अनुभव अनेक ठिकाणचा आहे. त्याचे कारण बियाण्यात किंवा हवामानात क्वचितच सापडते. गच्चीला किती भार पेलतो, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार आणि शेजाऱ्यांची संमती घेतली आहे का, हे तीन प्रश्न आधी सोडवलेले नसतात. त्यांची उत्तरे आधी शोधली तर भाजीपाला पिकवणे तुलनेने सोपे आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून अनेक दशके हाच विचार मांडला. पालापाचोळा, उसाचे चिपाड, स्वयंपाकघरातील टाकाऊ भाग हे सारे म्हणजे साठवलेला सूर्यप्रकाश होय आणि त्यापासून सुपीक माती घरीच तयार करता येते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर चिपाड, खत आणि अगदी थोडी माती यांच्या आधारे भाज्या व फळे पिकवून दाखवली. पुढे २००२ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने बाग उभी राहिली. कर्मचाऱ्यांच्या जेवणातून उरणारा ओला कचरा हेच या बागेचे खत होते. या तिन्ही प्रयत्नांत एक समान धागा आहे. माती विकत आणण्यापेक्षा ती तयार करण्यावर त्यांचा भर होता.

भाराचा हिशेब

गच्चीवर बाग करताना सर्वात आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे वजन. ओल्या मातीचे वजन घनफुटाला साधारणपणे ४५ ते ५० किलो भरते. भारतीय मानकानुसार ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी वापराचा भार चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १४ किलो इतका धरलेला असतो. याचा अर्थ सरळ आहे. संपूर्ण गच्चीवर फूटभर माती पसरली तर या मर्यादेच्या तिपटीहून अधिक भार होतो. इमारत जुनी असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून मातीचे थर टाकण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घेणे आवश्यक आहे.

पालापाचोळा आणि कंपोस्ट यांपासून केलेले मिश्रण ओल्या मातीच्या जवळपास निम्म्या वजनाचे असते. गच्चीसाठी तेच योग्य. वाफे वा कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी एकवटू नयेत; खालून तुळई किंवा भिंत जाते त्या रेषेवर त्या ठेवाव्यात. प्रत्येक कुंडी विटांवर किंवा स्टँडवर उचललेली असावी, म्हणजे खालची फरशी वाळते आणि जलरोधक थराचे आयुष्य वाढते. पावसाळी पाण्याची पन्हाळी आणि जाळ्या मोकळ्या राहतील एवढे अंतर सोडावे. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे उगवली की लगेच उपटून टाकावीत. त्यांची मुळे भेगांत शिरली तर दुरुस्तीचा खर्च बागेच्या खर्चाहून कितीतरी अधिक येतो.

जमिनीवरच्या मोकळ्या जागेत वजनाचा प्रश्न नसतो, पण मातीचा असतो. शहरातील अनेक भूखंड राडारोड्याने भरलेले असतात. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या मातीत शिसे साठलेले असण्याची शक्यता असते. मुंबईच्या लोहमार्गालगत अनेक वर्षे पालक, माठ, मुळा पिकवला गेला. परंतु नाल्याच्या पाण्यावरून त्या भाजीविषयी सातत्याने शंका घेतल्या गेल्या. अशा जागी माती तपासून घ्यावी, किंवा विटांचे कठडे करून त्यात बाहेरून तयार केलेली माती भरावी. सांडपाणी भाजीला कधीही देऊ नये.

मातीची निर्मिती

चौघांच्या कुटुंबातून रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हे सारे उपयोगी. शिजलेले तेलकट अन्न, मांस, हाडे सुरुवातीस टाळावीत. बाजूला भोके पाडलेल्या पिंपात तळाशी वाळक्या काटक्या, नारळाच्या शेंड्या घालाव्यात. त्यावर एक भाग ओला कचरा आणि दोन भाग वाळका पाला असे थर देत जावे. ताकात किंवा शेणकाल्यात भिजवलेले थोडे जुने खत मिसळल्यास विघटन लवकर सुरू होते. आठवड्यातून एकदा ढवळावे. दुर्गंधी आली तर ओलावा जास्त झाला असे समजून पाला वाढवावा. काहीच घडत नसेल तर पाणी शिंपडावे. दीड ते दोन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. पुणे महापालिकेने गांडूळखतासारख्या प्रकल्पांसाठी मिळकतकरात सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खताचा खड्डा ही आता केवळ हौशी मंडळींची बाब राहिलेली नाही. बागेविषयी उदासीन असलेल्या सभासदांनाही कचऱ्याचा प्रश्न पटतो. संस्थेत बागेचा विषय मांडताना तो येथून मांडणे हिताचे ठरते.

ऊन, पाणी आणि पिकांची निवड

फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांवरही भागवून घेतात. पुदिना, आले, हळद अर्धसावलीत वाढतात. खोलीचा विचार करता मेथी, कोथिंबीर, पालक यांना सहा ते आठ इंच पुरतात; मिरची, वांगी, टोमॅटो यांना फूटभर; दुधी, दोडका, कारली अशा वेलींना दीड फूट लागते. उंच इमारतींवर वारा फार असतो. तेथे वेलींच्या मांडवाला भक्कम आधार आणि वाऱ्याच्या दिशेला जाळी हवी.

हंगाम पाळणे हे निम्मे यश होय. पावसाळ्यात भेंडी, गवार आणि वेलवर्गीय भाज्या लावाव्यात. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर, टोमॅटो, कोबी साधतात. उन्हाळ्यात तांदुळजा, चवळी, भेंडी तग धरतात. नवशिक्यांनी आरंभ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावा आणि मेथी, मुळा, माठ निवडावा. मेथी महिन्याभरात हाती येते आणि एवढ्या लवकर मिळालेले पीक गटाचा उत्साह टिकवते. बियाणे विश्वासार्ह ठिकाणाहून, शक्यतो राहुरी वा दापोलीच्या कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांतून घ्यावे.

पाण्याचा हिशेब आधीच मांडावा. शंभर चौरस फूट वाफ्यांना कडक उन्हाळ्यात रोज सुमारे साठ ते सत्तर लिटर पाणी लागते. शहरी माणसाच्या रोजच्या गरजेचे प्रमाण १३५ लिटर धरले जाते, हे लक्षात घेतले तर पाणीकपातीच्या काळात बाग वादाचा विषय का होते ते समजते. वाफ्यांवर दोन-तीन इंच पाल्याचे आच्छादन घालणे, पहाटे किंवा संध्याकाळी पाणी देणे, ठिबक नळ्या बसवणे आणि भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वापरणे यांनी ही गरज बरीच कमी होते. साबणाचे पाणी मात्र टाळावे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून द्यावे, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर येऊन उडू लागण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. मावा, पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

अपेक्षा माफक असावी. शंभर चौरस फुटांतून एका कुटुंबाची वर्षाची भाजी निघत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळची पालेभाजी, मिरची, कोथिंबीर आणि हंगामी टोमॅटो मात्र मिळू शकतात.

संमती आणि नियमावली

सहकारी गृहनिर्माण संस्थेची गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक जागा असते. वरच्या मजल्यावरील चार कुटुंबांनी परस्पर वाफे मांडले, तर पुढे ओल आली की दोष त्यांच्यावरच येतो, मग कारण काहीही असो. त्यामुळे सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून घ्यावा. त्यात जागेची मर्यादा, मुदत, पाण्याचे बिल, चावी कोणाकडे राहील, गळती आढळल्यास तपासणी कोण करील व खर्च कोणी सोसावा, हे स्पष्ट लिहावे. बाग सुरू करण्यापूर्वी गच्चीची व खालच्या सदनिकेच्या छताची छायाचित्रे काढून ठेवावीत. वाद झालाच तर ती उभयपक्षी उपयोगी पडतात.

उत्पन्नाची वाटणी हा दुसरा नाजूक भाग. प्रत्येकाला स्वतंत्र वाफा दिला तर जबाबदारी निश्चित होते, परंतु गावी गेलेल्याचा वाफा सुकतो. सारे वाफे सामाईक ठेवले तर पिके चांगली राहतात, पण राबणारे थोडे आणि तोडणारे अनेक अशी तक्रार होते. मधला मार्ग व्यवहार्य ठरतो. पालेभाज्या व मसाल्याची रोपे सामाईक, फळभाज्यांचे वाफे वाटून, आणि कामाच्या पाळ्यांची वही सर्वांना दिसेल अशा जागी. एप्रिल-मे हे सुटीचे महिने असल्याने त्या काळच्या पाळ्या मार्चमध्येच ठरवाव्यात.

जागेवरील हक्काचा प्रश्न

सार्वजनिक भूखंडावर बाग करावयाची झाल्यास हा प्रश्न अधिक गंभीर होतो आणि याबाबत परदेशातील अनुभव बोलके आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅनहॅटनमधील कचऱ्याने भरलेला एक भूखंड साफ करून बाग केली. पुढच्या वर्षी महापालिकेने तो महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिला. १९७८ मध्ये अशा बागांच्या साहाय्यासाठी ‘ग्रीनथम्ब’ हा शासकीय कार्यक्रम सुरू झाला. तरीही जागेचे भाव वाढताच १९९९ साली शंभराहून अधिक बागांचे भूखंड लिलावात काढण्याचे ठरले. नागरिकांनी आंदोलने केली आणि अखेर दोन सेवाभावी संस्थांनी ते भूखंड विकत घेतले, म्हणून त्या बागा वाचल्या. पंचवीस वर्षे राबूनही लोकांच्या हाती कायमचा हक्क आलेला नव्हता. ब्रिटनमध्ये याउलट १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे नागरिकांना भाजीपाल्यासाठी तुकडे उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर सोपवले. तेथील तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा असतो आणि त्यासाठी नाममात्र भाडे आकारले जाते.

आपल्या शहरांत भूखंडाची किंमत पाहता हा धडा महत्त्वाचा आहे. महापालिकेच्या मोकळ्या जागेवर बाग करणाऱ्या गटाने तोंडी परवानगीवर विसंबू नये. मुदत आणि नूतनीकरणाची अट असलेला लेखी करार करावा. त्याचबरोबर ती जागा सर्वांसाठी खुली ठेवावी. सार्वजनिक जागेला कुंपण घालून मोजक्या कुटुंबांनी भाजी नेली, तर आसपासच्या मुलांचे खेळण्याचे मैदान गेले असा रोष निर्माण होतो आणि तो रास्तच असतो.

हातभार कसा लावावा

माती हातात न घेताही या कामाला साहाय्य करता येते. आवारातील वाळका पाला जाळणे बंद करून तो पोत्यांत भरून बागेला देणे, ही पहिली मदत. उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहेच. सुटीत एखादा आठवडा पाणी घालण्याची जबाबदारी घेणे, जुनी पिंपे देणे, जादा भाजी विकत घेऊन खताचा खर्च भागवणे, निवृत्त सभासदांनी हिशेबाची वही सांभाळणे, हेही तितकेच मोलाचे. शाळांनी एक वाफा विद्यार्थ्यांकडे सोपवला तर विज्ञानाच्या पुस्तकातील परागीभवन त्यांना दुधीच्या फुलावर पाहता येईल. गावाकडून आलेल्या अनेक सफाई कामगारांना व सुरक्षारक्षकांना शेतीचे ज्ञान असते. त्यांचा सल्ला सन्मानाने व योग्य मोबदला देऊन घ्यावा.

आरंभ लहान असावा. दहा कुटुंबे, शंभर चौरस फूट, दोन खताची पिंपे आणि एक वर्षाचा ठराव एवढे पहिल्या वर्षी पुरेसे आहे. वर्षअखेरीस गच्ची कोरडी राहिली, कचऱ्याची गाडी हलकी झाली आणि पाळ्यांची वही भरलेली असली, तर दुसऱ्या वर्षी सभेत मुदतवाढीचा विषय मांडताना फारसे बोलावे लागणार नाही.